स्क्रीनवरचा आपोआप हलणारा बाण

ती घटना आठवली की आजही घरातल्या कॉम्प्युटरवरचा बाण हलला, तर मी आधी माउसवर कोणाचा हात आहे ते बघतो. सून हसते. हसू दे. प्रताप नगरच्या त्या खोलीत ती नव्हती.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी ठाणे अंमलदार आत आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, एक बाई आल्या. म्हणतात, घरात कोणी दिसत नाही, पण आहे." अशा तक्रारी आमच्याकडे येतातच. निम्म्यांना मांत्रिक हवा असतो, निम्म्यांना चहा. मी चहा सांगितला.

बाईंनी तो घेतला नाही. कप बाजूला सरकवला आणि सांगायला लागल्या.

मिहानच्या औद्योगिक वसाहतीजवळ इमारतींचे नकाशे काढायचं एक छोटं ऑफिस होतं, तिथे त्या कामाला. आईला लकवा झालेला, घरात तिसरं कोणी नाही. म्हणून मालकानं घरून काम करायची परवानगी दिली होती. कॉम्प्युटर ऑफिसातच चालू राहायचा. बाई घरच्या लॅपटॉपवर नंबर आणि पासवर्ड टाकायच्या, की ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पडदा घरी दिसायचा.

"पाच-सहा दिवसांपासून बाण आपोआप हलते साहेब. मी हात काढला तरी हलते. काल तर त्यानं लिहिलं."

"काय लिहिलं?"

"आई उठली असेल. पाणी दे तिले."

मी लिहायचं थांबलो. हे लिहिणारा परदेशातला कोणी ठग नव्हता, आपल्याच मातीतला होता.

"मालकाले सांगितलं?"

"ते म्हणतात, भेव लागते तर ऑफिसात ये. मग आईले कोण पाहील? आणि घरी बसलं तर तो पाहते."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात मी आणि एक महिला शिपाई प्रताप नगरात त्यांच्या घरी गेलो. बाईंनी टीव्हीवर चादर टाकली होती, आरशावर साडी. पलंगावरून आई विचारत होती, "काहून झाकलं वं सारं?" बाई म्हणाल्या, "धूळ येते आई."

लॅपटॉप उघडला. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं बाण सरकला. सावकाश, आरामात, घरचाच असल्यासारखा. कोरं पान उघडलं आणि अक्षरं उमटायला लागली: "पाहुणे आले का? दोघं आहेत ना?"

नोकरीत मी बरंच पाहिलं. तलवार घेऊन अंगावर धावलेला माणूस पाहिला. पण तेव्हा मी दाराची कडी लागली आहे का ते उठून बघून आलो. महिला शिपाई पलंगाखाली वाकली होती.

मग डोकं चालवलं. "आम्ही येणार हे कोणाले सांगितलं होतं?"

"फक्त बहिणीले. सकाळी व्हॉट्सअॅपवर टाकलं, दोन पाहुणे येऊन राहिले म्हणून."

"ते व्हॉट्सअॅप कुठी उघडं असते?"

बाईंनी पडद्याकडे बोट केलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, कोपऱ्यात. आईची झोप, आईचं पाणी, सगळं तिथेच लिहिलेलं. म्हणजे तो घरात नव्हता. ऑफिसच्या पडद्यात शिरून वाचत होता. मला जरा श्वास आला. बाईंना आला नाही.

हे कनेक्शन ज्या कॉम्प्युटरवाल्यानं जोडून दिलं, त्याला उचलला. पोरगं रडकुंडीला आलं. "साहेब, पासवर्ड मी मालकाले अन् ताईले, दोघांनाच दिला. मी काहून करू असं?" उलटसुलट विचारलं, जबाब हलला नाही. खोटं बोलणारा हळूहळू जास्त तपशील देतो. हा तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता.

मग पंचनाम्याला ऑफिसात गेलो. बाईंच्या कॉम्प्युटरवर वाळलेला झेंडूचा हार होता. मालक कौतुकानं म्हणाले, "दसऱ्याले सगळ्या मशिनींची पूजा करतो आम्ही. फोटो पाहा ना." फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला. पूजा चालू कॉम्प्युटरची, कारण बंद मशीन कशी पुजायची! मी फोटो मोठा केला. कुंकवाच्या बोटाखाली, झेंडूच्या बाजूला, पडद्यावर नंबर आणि पासवर्ड. दोन्ही स्वच्छ वाचता येत होते.

ग्रुपमध्ये बाई आणि मालक सोडून तिघंच होते. तिघंही मान खाली घालून काम करणारे.

मी भिवापूरच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून भरपूर मार खाल्लेला माणूस. मालकांचा आवाज नाकातून यायचा आणि दर वाक्यात "समजलं ना" असायचं. पासवर्ड गुपचूप बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी मालकांच्याच फोनवरून, मालकांच्याच नाकातून एकेकाला लावला: "उद्यापासून तूही घरून काम कर, समजलं ना. तो दसऱ्याचाच पासवर्ड आहे, टाकून घे."

पहिला म्हणाला, "कोणता पासवर्ड साहेब?" दुसऱ्यानंही तेच विचारलं.

तिसरा खुशीत म्हणाला, "तो चालत नाही ना साहेब आता. कालपासून चुकीचा दाखवते."

समोर बसलेले मालक माझ्याकडे बघतच राहिले.

त्याचा मोबाईल जप्त केला. बाईंच्या कॉम्प्युटरला जोडल्याच्या सगळ्या खुणा त्यात होत्या. समोर बसवल्यावर म्हणाला, "ती घरी बसून पगार घेते, अन् आम्ही उन्हात इतक्या दूर येतो. भेवून तीही आली असती ऑफिसात, एवढंच. मी तिले हात तरी लावला का?"

आरोपी आत गेल्यावर मी सांगायला बाईंकडे गेलो. टीव्हीवर चादर तशीच होती. त्यांनी सगळं ऐकलं, मग विचारलं, "आता कोणी नाही ना?"

"नाही."

बाई लॅपटॉपसमोर बसल्या. कॉम्प्युटरवाल्यानं सांगितल्याप्रमाणे आता त्यांनी स्वतः ठरवलेला नवा पासवर्ड टाकायचा होता. बोटं बटनांवर ठेवली आणि थांबल्या. "साहेब, तुम्ही तिकडे पाहा."

मी वर्दीत होतो. गुन्हा मीच उघडकीला आणला होता. तरी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि पहिल्यांदा कळलं की तपास संपला म्हणजे भीती संपत नाही. त्यांनी "झालं" म्हणेपर्यंत मी वळलो नाही.