गच्चीवरचं कढत पाणी

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर एकच वेड लागलं होतं. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आरसे लावून त्यांनी सगळं ऊन एका लहानशा सोलर पॅनेलवर पाडलं. ते इतकं तापायचं, की पिंपातलं पाणी नळीने त्याच्या मागून सारखं फिरवावं लागे. ती उष्णता फुकट का घालवायची? त्या गरम पाण्यावर आणखी थोडी वीज काढायची, असा त्यांचा खटाटोप. तीन वर्षांनी त्या जादा विजेवर एक छोटा दिवा लागला, तेव्हा त्यांच्या जुन्या कारखान्यातले साहेब बघायला येतो म्हणाले.

नेमका गुरुवार, नळाला पाणी नाही. आता तुम्हीच सांगा, पाहुणे येणार आणि मी पारोशी कशी राहू? पिंपातून दोन बादल्या काढल्या, छान कढत पाणी! खाली नळीपुरतंही उरलं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तासाभरात पॅनेल जळून काळं पडलं.

साहेब चहा पिऊन गेले. हे मला एवढंच म्हणाले, "अगं, आंघोळ तरी नीट झाली ना?"

शेजाऱ्यांना मात्र सांगितलं, "मीच पाणी भरायला विसरलो." पुन्हा कधी ते गच्चीची पायरी चढले नाहीत. वर्षभरात वारले.

अजून जिन्यात कुणी ना कुणी म्हणतं, "काकांना शेवटी विसर फार पडायला लागला होता, नाही का हो काकू?"

मी "हो" म्हणते.