दोन चाकोऱ्या

डांबरी रस्त्याचा मनापासून तिरस्कार करणारा सोलापूर जिल्ह्यात एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघाला. डांबर ही आळशी माणसांची सोय आहे असं त्यांचं ठाम मत होतं. कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, देखरेख करणारे जॉबर असलेले मामा सहा दिवस भोंग्याच्या हुकमात निमूट वागायचे. सातव्या दिवशी सकाळी मात्र खाकी अर्धी चड्डी घालून, डोक्याला पंचा गुंडाळून आणि कॅरिअरला कडक भाकरी-शेंगाचटणीचं फडकं बांधून ते सायकलवर टांग मारत, ते थेट तुळजापूरच्या अंगाला, बालाघाटाच्या डोंगरात. तिथल्या खडीच्या रस्त्यांवर दिवसभर हाडं खिळखिळी करून घेतल्यावर दिवेलागणीला ते तांबड्या धुळीने माखून परत यायचे आणि मामी त्यांना अंगणातच उभं करून डोक्यावर पाणी ओतायच्या. मामींनी पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना विचारायचं सोडून दिलेल्या गोष्टींत ही एक होती.

रस्ता पारखण्याची त्यांची रीत काही औरच होती. वाटेत थांबून मुरूम उचलायचा, बोटांत चुरायचा आणि थोडा जिभेवर ठेवायचा. मग हा मुरूम पावसाळ्यात दम धरणार की वाहून जाणार, ते सांगायचं. मी एकदा तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "चव घेतल्याबिगर आमटीचं तरी कळतंय का, जावईबापू?" दुसऱ्या एका रविवारी मी नुसत्या नजरेनेच एका रस्त्याला चांगलं म्हटलं, तेव्हा त्यांना माझी फारच कीव आली. "रस्ता डोळ्यानं बघायचा नसतोय. बुडानं बघायचा असतोय." माझं बूड तेव्हा काही बघण्याच्या अवस्थेत नव्हतं. भाड्याच्या सायकलीची सीट आणि मामांची सोबत, दोन्ही मी एकाच सकाळी पत्करल्या होत्या.

पण खरी गंमत त्यांच्या हँडलवर होती. घंटी काढून तिथं त्यांनी तारेचं कडं बसवून घेतलं होतं आणि त्या कड्यात तांब्याचा एक तांब्या, काठोकाठ पाण्याने भरलेला. कुठलाही रस्ता संपला की मामा उतरायचे, तांब्यात बोट घालायचे आणि गंभीरपणे जाहीर करायचे, "दोन बोटं सांडलं." किंवा, "आज तीन बोटं." एका रविवारी डोंगरातल्या एका खिंडीच्या चढावर माझ्या घशाला कोरड पडली म्हणून मी त्या तांब्याकडे हात केला, तर त्यांनी सायकलच मागे ओढून घेतली. "ते प्यायचं न्हाय," म्हणाले, आणि पिशवीतून दुसरी बाटली काढून माझ्या हातात दिली. त्याहून कहर म्हणजे रस्ता एकदा चढून त्यांचं समाधान होत नसे. त्या दिवशीही बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्यांपैकी डाव्या चाकोरीतून ते वर खिंडीपर्यंत गेले, तिथून वळून दुसऱ्या चाकोरीतून पायथ्याशी आले आणि मग पुन्हा वर. मला वाटलं, यांचं काहीतरी खाली पडलंय. मी खिंडीत बाभळीखाली बसून वाट बघत होतो आणि उद्या कचेरीत हा किस्सा कसा रंगवायचा ते ठरवत होतो. पुढे कितीतरी दिवस मी तो रंगवलाही. जॉबरचा तांब्या म्हटलं की आमच्या टेबलाभोवती माणसं जमायची. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

एका रविवारी त्याच खिंडीत भाकरी खाताना मी त्यांना थट्टेने विचारलं, "मामा, हा तांब्या कुठल्या देवाला नेताय?" त्यांनी भाकरीचा तुकडा परत फडक्यावर ठेवला.

त्यांची एकुलती एक लेक गंगू या खिंडीपलीकडच्या गावात दिलेली होती. तिचं पहिलं बाळंतपण फसलं, मूल गेलं, एवढं मला हिच्याकडून ऐकून माहीत होतं. कसं गेलं, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायला मीच गेलतो की," मामा म्हणाले. "व्याही सांगत हुते, वढ्याकडच्या वाटेनं जावा, लांब पडंल पर बरी हाय. मीच शाना. म्हणलो, खिंडीतनं चला, मी आत्ता सायकलवर आलोय, रस्ता लोण्यासारखा हाय." त्यांनी बोटाने खालचा उतार दाखवला. "सायकलीला एकच चाकोरी लागतीय हो. मी आलो ती चांगली हुती. दुसरी मी बघितलीच न्हवती. गाडीचं एक चाक नीट चाललं, दुसरं धोंड्या-धोंड्यावरनं. पोरगी तोंडातनं चकार शब्द बोलली न्हाय. खाली फाट्यावर एष्टीसाठी उतरवायला गेलो, तर गाडीत हातरलेल्या पेंढ्याला रगत."

मामा पुढे सांगत गेले. गंगूला पुन्हा दिवस गेले नाहीत. तिने बापाला एका शब्दानेही दोष दिला नाही. मामा तिच्याकडे गेले की ती पाय धुवायला पाणी द्यायची, पिठलं-भाकरी वाढायची. पण "त्या वाटेनं मी परत येणार न्हाय," असं तिने एकदाच सांगितलं होतं आणि दुसऱ्या वाटेनंही ती आली नव्हती. पंचमीला गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येत, झोके खेळत, आणि मामी दाराशी बसून त्या बघत. अशा चार पंचम्या गेल्या होत्या.

"दोनी चाकोऱ्यांत थेंब सांडणार न्हाय असा रस्ता घावला," मामा म्हणाले, "की तिला आणायला जाईन. तवर कुठल्या तोंडानं 'चल' म्हणू?"

त्या दिवसापासून मी तो किस्सा कचेरीत सांगायचा बंद केला.

पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला. माळरानं करपली, विहिरी आटल्या आणि गावोगाव दुष्काळी कामं निघाली. त्यात खिंडीचा रस्ताही निघाला. गंगू आणि तिचा नवरा दोघंही तिथं खडी फोडायला जायचे. मामा पहिल्या रविवारी मला घेऊन तिथं पोचले, ते खाकी चड्डीत, हँडलला चकचकीत तांब्या लावून आणि उतरल्या उतरल्या मुरूम चाखत. मुकादमाला वाटलं, सरकारी तपासणी आली. त्याने घाईने टोपी सारखी केली, खाट मागवली आणि भीतभीत विचारलं, "साहेब, ह्ये तांब्याचं काय हाय?" मामा म्हणाले, "लेव्हल." त्यानंतर मुकादमाने काही विचारलं नाही. जन्मभर साच्यांवर डाफरलेला आवाज मामांच्या कामी आला. "हितला धोंडा काढा. तितं मुरूम कमी हाय. ही बाजू उचला, गाडी कलती हितं." मुकादम "व्हय साहेब" म्हणत पळत होता आणि खडीच्या ढिगाआड गंगू तोंडाला पदर लावून बसली होती. हसत होती की काय, ते मला कळलं नाही. त्या उन्हात कामावरच्या बायकांची नजर मात्र भरल्या तांब्यावरून हलेना. मामांच्या ते लक्षात आलं. मला घोटभर न देणाऱ्या त्या माणसाने कड्यातून तांब्या काढला आणि त्यांच्या ओंजळीत रिकामा केला. त्या दिवसाची तपासणी तेवढ्यावरच संपली.

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. पंचमीच्या आधीच्या रविवारी मामा उजाडताच माझ्या दारात आले. "दोनी चाकोऱ्या बघितल्या. सांडत न्हाय. तुमी संगं चला." गिरणीत शंभर माणसांना धाकात ठेवणारा तो माणूस लेकीच्या दारात एकट्याने जायला भीत होता.

गंगूच्या अंगणात पोचल्यावर मामा सायकलवरून उतरले. त्यांनी कड्यातून तांब्या काढून उंबऱ्यावर ठेवला आणि ते बाजूला उभे राहिले. गंगूच्या नवऱ्याने विचारलं, "गाडी जुंपू का?" गंगूने वाकून त्या पाण्याकडे बघितलं. मग आत जाऊन एक गाठोडं घेऊन आली आणि म्हणाली, "गाडी नगं. अप्पांच्या सायकलवर बसते."

गाठोडं माझ्या कॅरिअरला बांधलं. गंगू मामांच्या मागे एका अंगाने बसली आणि तांब्या तिने दोन्ही हातांनी मांडीवर धरला. मामांना इतक्या हळू सायकल चालवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागेच होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. खिंडीच्या पहिल्या वळणावर एक खडा चाकाखाली आला आणि पाणी तिच्या हातांवरून ओघळलं. पुढे उतारावर आणखी दोनदा. तिने पदराने तांब्याचा काठ पुसला, हात पुसले आणि मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं. मी नजर दुसरीकडे नेली. जिथे गाडीचं चाक धोंड्यांवरून गेलं होतं, त्या उतारावर तिने डोळे मिटून घेतले, तेही मी पाहिलं.

फाट्यावर डांबरी लागली तसे मामा उतरले. पाठ फिरवून उभे राहिले. म्हणाले, "बघ की गंगू. किती सांडलं?"

"थेंब सुदिक न्हाय, अप्पा."

तिचा पदर गुडघ्यापर्यंत ओला होता. मामा वळले. ते सांगतील, दोन बोटं, तीन बोटं, असं मला वाटलं. पण त्यांनी तांब्यात बोट घातलं नाही. ते रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. "आत्ता न्हाय सांडलं गं," एवढंच म्हणत होते, "आत्ता न्हाय सांडलं." गंगू त्यांच्यापाशी बसली आणि तांब्या तिने त्यांच्या तोंडाला लावला. "प्या," म्हणाली. ते पाणी मामा पहिल्यांदाच प्यायले.

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. सायकलच्या हँडलवर त्यांनी शेवटी परत घंटी बसवून घेतली होती, पण वाजवलेली मी कधी ऐकली नाही. खिंडीतून आता डांबर गेलं आहे आणि गावात एसटी जाते. गंगू दर पंचमीला येते, मामींकडे उतरते आणि एखाद्या संध्याकाळी आमच्याकडेही चक्कर टाकते. मी विचारतो, "रस्ता कसा आहे?" ती म्हणते, "बरा हाय की." मग ही आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवते, आणि गंगू तो दोन्ही हातांनी उचलते.