उपडं ताट

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पोळा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. मारेगावकडच्या आमच्या गावचा नाला फुगला आणि सरळ घरात शिरला. आला तसा उतरलाही, पण मधल्या खोलीत गाळ आणि मातीच्या भिंतींत मांडीपर्यंत ओल ठेवून गेला. दसऱ्याच्या सुमाराला याच खोलीत माझ्या नणंदेचं पहिलं बाळंतपण व्हायचं होतं.

सासूबाईंनी गाळ उपसला आणि लगेच शेणाची बादली हातात घेतली. आमच्याकडे बाईची अब्रू सारवणात. त्यात महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. मी बादली धरून ठेवली.

"आत्याबाई, सारवाचं नाही. खालची माती ओली हाय."

"मंग लक्ष्म्या का चिखलात बसवू? लोकं काय म्हनतीन?"

"लोकाईले नाही इथं बाळंत व्हाचं."

लग्नाला जेमतेम वर्ष झालेल्या सुनेनं असं बोलणं म्हणजे अतीच. पण माझं माहेर पैनगंगेच्या काठचं. पुरानंतर घर वाळवायच्या बाबतीत मी कोणाच्या बापाला भीत नव्हते, अजूनही भीत नाही. ओल्यावर सारवलं की वरचा पापुद्रा वाळतो, घर झकास दिसतं आणि आतली ओल महिनोन् महिने कोंडून राहते.

कुदळीनं मी वीतभर जमीन खोदून काढली. भिंतींचा फुगलेला लेप खरवडला. ऊन पडलं की नवरा छपरावरची कवेलू काढायचा, आभाळ आलं की कुरकुरत पुन्हा बसवायचा. माळ्यावरच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घमेल्यात पेटवल्या, तर ऊब राहावी म्हणून त्यानं दारच लावून घेतलं. मी ते सताड उघडलं. वाफेला बाहेर जायला वाट नको?

त्या वर्षी महालक्ष्म्या ओसरीत बसल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माना लांब करून खोदलेली खोली बघायच्या. "सुनबाईचं राज हाय," सासूबाई प्रत्येकीला सांगायच्या. माझ्याशी बोलणं बंद. मलाही राग आला होता. भांडी जरा जोरातच आपटत होते.

पुढे कोरडा मुरूम भरून जमीन चोपली. रोज संध्याकाळी तिच्यावर पितळेचं ताट उपडं घालायचं आणि सकाळी उचलून आतून हात फिरवायचा. हाताला ओल लागली की सारवण लांबणीवर. नणंद येऊन ओसरीत राहिली, तरी ताट घामेजतच होतं.

एका सकाळी उठून बघते तर सासूबाई आधीच खोलीत. ताट मांडीवर घेऊन त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होत्या.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या. "सारव आता."

मी वळले, तर मागून आवाज आला. "माहे दोन लेकरं याच खोलीत गेले. छाती भरून. दोन्ही बखत मीनं खोली मस्त सारवली होती."

इतके दिवस जिभेवर घोळवलेलं खोचक उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते गिळलं. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि बराच वेळ कोणीच बादली आणायला उठलं नाही.

दसऱ्यानंतर नणंदेला मुलगी झाली. बघायला बायका आल्या की सासूबाई त्यांना पाळण्याजवळ जाऊ देत नसत.

"पयले जमिनीले हात लावून पाहा," म्हणत.