समुद्रात बुडालेला कोंबडा

हिंगणघाटच्या जिनिंगात कापूस निवडणाऱ्या बायजाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक. पण गंमत ऐका, त्याच बाईच्या पोटात एक कोंबडा वर्षभर चिडीचूप बसला होता!

कोंबडा शेजारच्या शकुंतलाबाईचा. मेला भलत्याच वेळी बांग द्यायचा. एकदा भिंत ओलांडून आला, अन् बायजानं रागाच्या भरात त्याचा रस्सा केला. शकुंतलाबाईनं खापर फोडलं नवऱ्यावर, खुराडं म्हणे यांनीच उघडं टाकलं अन् बोक्यानं कोंबडा नेला. तेव्हापासून बाबाराव बिचारे स्वतःच्याच घरात चोरासारखे वावरत. बायजा पडली एकटी. शकुंतलाबाईनं भिंतीवरून दिलेला चहा अन् दोन गप्पा, एवढाच तिचा गोतावळा. खरं सांगितलं तर तोही जाणार, म्हणून ती गप्प.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी बायबलच्या जुन्या करारातलं वचन वाचलं: देव आपली सगळी पापं समुद्राच्या डोहात टाकून देतो. बायजा टुणकन उठली. आपल्या वणा नदीत टाकली असती, तर उन्हाळ्यात कोंबड्याची तंगडी वर दिसली असती. पण समुद्र! "सुटली रे देवा!" म्हणत बाई प्रवचन अर्ध्यात टाकून धूम पळाली. आधी दुखावलेल्या माणसाशी समेट कर, मग देवापुढं दान ठेव, हे येशूचं पुढचं सांगणं ऐकायला थांबतं कोण!

अंगणात येऊन तिनं एकटीनंच गिरकी घेतली. "शकुंतलाबाई, देवानं मले माफ केलं वो!"

"काऊन? काय केलतं तुनं?"

"तुमचा कोंबडा खाल्लता!"

बोलून गेली अन् मग तोंडावर हात ठेवला.

शकुंतलाबाई लालबुंद झाली. "देवानं माफ केलं म्हणते! कोंबडा काय देवाचा होता?"

"नाई वो, तुमचाच होता." बायजाला रडू फुटलं. "चुकलं माहं. माफ करा."

तेवढ्यात बाबाराव आतून धावत आले. "म्हणजे बोक्यानं नव्हता नेला! माहा काई दोष नव्हता!" अन् धोतर सावरत चक्क नाचू लागले.

शकुंतलाबाईनं जीभ चावली. वर्षभर आपण या माणसाला काय काय बोललो! "आता मले कोण माफ करन?" ती पुटपुटली.

"तू हिले माफ कर," बाबाराव नाचता नाचता म्हणाले, "मंग मी तुले करतो."

शकुंतलाबाई तरातरा आत गेली. बायजा भिंतीला धरून उभीच. बऱ्याच वेळानं भिंतीवर चहाचा कप आला.

"बायजे, एक तंगडी तरी धाडायची होती वं!"