पूजेतला पुलर

ज्या चुकीपायी माझ्या सहकाऱ्याची नोकरी गेली ती चूक माझी होती, हे मी कित्येक वर्षे कोणासही कळू दिले नाही.

रत्नागिरीत तेव्हा पावसाळ्यात उतारूंच्या सर्व्हिस मोटारी बंद असत. आम्ही दोघे फिटर त्या काळात आमच्या मोटारमालक शेटच्या शेडमध्ये इंजिने उघडून बसायचो, आणि दसऱ्याला पहिली मोटार रस्त्यावर निघे. त्या वर्षी एका इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, झिजला होता. तो बाहेर काढायचा तर आधी त्याच्या टोकावरचे दातेरी चाक उतरवणे भाग होते. त्यासाठी तीन नख्यांचा पुलर असे; तो चाकाला सगळीकडून सारखे ओढतो. पण त्या दिवशी खंडेनवमी होती. इतर हत्यारांबरोबर पुलरही फुले वाहून पाटावर मांडलेला होता.

"उद्या उचलू," सहकारी म्हणाला. "एका दिवसात काय दर्या आटतो?"

"दसऱ्याला मोटार काढतो, असा शेटना शब्द दिलाय मी."

"शब्द तू दिलास, नि घाई माझ्या माथी? चल, घरी घावन केलेत."

तो गेला. मी मागच्या पडवीतून चिरे उचकटायची पहार आणली. ती पूजेत नव्हती, एवढाच माझा धर्मविचार! चाक एका अंगाने उचकटले. एका दाताच्या मुळाशी केसासारखी रेघ उमटली होती. तिच्यावरून मी ग्रीसचे बोट फिरवले.

सकाळी त्याने विचारले, "कशानं काढलंस रे?"

"सैलच होतं," मी म्हणालो.

त्याने विश्वास ठेवला, आणि नव्या शाफ्टवर खुणेला खूण जुळवून ते चाक बसवले. थोड्याच दिवसांत मोटार घाटात बंद पडली. दात तुटला होता.

"हातोड्यानं ठोकून बसवलंस ना?" शेट त्याच्यावर ओरडले.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्या बाजूने बोलेन, एवढीच त्याची अपेक्षा होती. मी हात पुसत राहिलो. शेटनी त्याला त्याच दिवशी कामावरून काढले. पुढे गावात कोणी त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही; तो मुंबईस गिरणीत लागला.

कित्येक वर्षांनी एका शिमग्याला तो गावी आल्याचे कळले. मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा अंगणात शेजारीपाजारी पालखीची वाट पाहत बसले होते.

"या मिस्त्री! आपला पुलर आहे ना जाग्यावर?" तो हसून म्हणाला.

त्याची अब्रू चारचौघांत गेली होती, म्हणून मी चारचौघांतच, सर्वांस ऐकू जाईल असे बोललो, "चाक तू ठोकलं नव्हतंस. मी ते पहारेनं उचकटलं, चीर पाहिली, लपवली, आणि शेटसमोर गप्प राहिलो. तुझी नोकरी मी घालवली. मला क्षमा कर."