फुलाफुलांच्या बाह्या

चकलांब्याच्या गहिनीनाथ पेंटरने आजवर भिंतींवर खतांच्या जाहिराती आणि निवडणुकीची चिन्हं यांखेरीज काही काढलं नव्हतं. त्यामुळे शाळेच्या भिंतीवर 'आपला पेहराव' म्हणून एक बाई काढायचं काम मिळालं, तेव्हा गडी हरखून गेला. मुख्याध्यापिका वनमालाबाईंनी बजावलं होतं: नऊवारी, नथ, हातात आरतीचं ताट. गहिनीनाथने मान डोलवली आणि मनात होतं तेच काढलं.

मागे उसाचा फड, हिरवी साडी, तिच्यावर पांढरा शर्ट, डोक्याला करकचून बांधलेला पिवळा रुमाल, हातात कोयता. चित्र पाहून वनमालाबाईंचा पारा चढला.

"उद्या पाहुणे येणार आहेत! आणि या बाह्या? कोपरापर्यंत पांढऱ्या, खाली लाल फुलांच्या. पांढरा रंग संपला का तुमचा?"

त्यांनी शिपायाला चुन्याची बादली आणायला पिटाळलंसुद्धा. गहिनीनाथचं तोंड एवढंसं झालं. आयुष्यात एकच चित्र मनासारखं काढलं, आणि आता त्यावर चुना फिरणार होता.

तेवढ्यात त्याची आई विमलबाई त्याची भाकरी घेऊन आली. वीस हंगाम ऊस तोडलेली बाई. भिंतीकडे बघतच राहिली.

"आगं बया, ही तर मीच हाय की!" ती हसत सुटली. "मॅडम, शर्ट तुमच्याच शाळेचा हाय. ह्यानं आठवीत शाळा सोडली, तवा मी घातला. उसाचं पान लई कापतं. बाह्या आखूड पडल्या, मग जुन्या साडीचा जोड दिला."

वनमालाबाई पुढे सरकल्या. खिशावर शाळेचा बिल्ला होता, बारीक, पण नीट काढलेला.

"पण पेन कावून न्हाई काढला रं?" विमलबाईने लेकाला दटावलं. "खिशाला लावूनच जायचे की मी."

"फडात पेन कशाला हो?" वनमालाबाईंनी विचारलं.

"ह्याचाच पेन त्यो. पुढल्या साली हा परत शाळेत गेला असता, तर सापडाया नको का?"

आई ऐटीसाठी पेन लावते, असं समजून गहिनीनाथने तो मुद्दाम गाळला होता.

शिपाई बादली घेऊन आला, तशी वनमालाबाईंनी ती परत पाठवली. गहिनीनाथने पेन काढायला हाताशी असलेल्या लाल रंगात ब्रश बुडवला, तर त्या पुन्हा कडाडल्या.

"लाल नको! लाल पेन आम्हा मास्तरांचा. हा विद्यार्थ्याचा आहे, निळा काढा."