सात आण्यांचा तालुका

निजामाच्या राजवटीत परंड्याच्या तहसील कचेरीत मी कारकून होतो. पिकांचा तख्ता, म्हणजे आकड्यांचा सरकारी तक्ता, माझ्याकडे असायचा. गावोगावचे पटवारी आपापल्या शिवाराची आणेवारी पाठवायचे. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. त्या सगळ्यांची सरासरी काढून उर्दूत वर कळवायची, तालुक्याला एक ओळ. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला फार तोरा होता. आता त्या अक्षराचाच कंटाळा येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतल्या एका साली सीना नदीच्या काठच्या काळ्या रानात ज्वारी बारा आणे पिकली आणि डोंगराकडच्या माळावर जेमतेम दोन आणे. सरासरी सात भरली. सहाच्या खाली गेलेल्या तालुक्यातच सरकारी कडब्याचा डेपो उघडायचा, असा हुकूम होता. मी तख्ता लिहिला, शाई टिपली आणि घरी जाऊन जेवलो.

माझी धाकटी बहीण डोंगराकडच्याच गावात दिलेली. फाल्गुन सरता सरता ती आणि मेहुणे चालत परंड्याला आले. त्यांच्या गोठ्यात बैलांची एकच जोडी होती आणि कडब्याची पेंढी उरली नव्हती. डेपो कधी उघडतोय, एवढंच विचारायचं होतं. मी आणे, सरासरी, हुकूम सगळं समजावलं. मेहुणे नुसती मान हलवत राहिले. बहिणीला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तख्त्याची नक्कल पुढं ओढली.

"दादा, ह्यात आमचं गाव कुठं हाय?"

"गाव न्हाय त्यात. तालुका हाय."

"मग आमच्या बैलांनी तालुका खायाचा का?"

मला राग आला. तिचा नव्हे, पण बोललो तिलाच. दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या वरच्या पेशकारांना म्हणालो, डोंगराकडची गावं वेगळी दाखवू या. त्यांनी कोरा छापील तख्ता माझ्यापुढं सरकवला. तालुक्याला रकाना एकच होता.

शेवटी मेहुण्यांनी जोडी सीनेकाठच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली, निदान जगतील तरी म्हणून. बहीण बैलांमागं वेशीपर्यंत गेली आणि तिथंच बसून रडली, हे मेहुण्यांनी मला नंतर सांगितलं. पेरणीला त्यांच्याकडे बैल नव्हते.

पुढं जनावरांची मोजणी आली. तीही मीच लिहिली. बैलांचा आकडा उतरला असेल म्हणून दोनदा बेरीज केली. उतरला नव्हता. बहिणीची जोडी नदीकाठी उभी होती, आणि नदीकाठ तालुक्यातच होता. माझ्या कागदावर तिचं काहीच गेलं नव्हतं.